रेडिओतून भरणारी शाळा

जून महिना आला की आपल्या घराघरांत एकच धांदल असते. वह्यांना कव्हरं घालायची, गेल्या वर्षीचं दप्तर धुऊन चालतंय का ते बघायचं, गणवेशाची दुमड उसवून उंची वाढवायची. मुलगी सहावीतून सातवीत गेली याचं आपल्याला काही विशेष वाटत नाही. जाणारच की! सहावी झाली, आता हिनं घरी बसायचं, असं कुणी म्हणालं तर आपण त्याला वेड्यात काढू.

अफगाणिस्तानात मात्र असंच होतं, मैत्रिणींनो. तिथं नवं वर्ष मार्चमध्ये लागतं आणि शाळाही तेव्हाच सुरू होतात. मुलांचे वर्ग पुढे सरकतात, मुलींची शाळा सहावीला संपते. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान पुन्हा सत्तेवर आले आणि मुलींच्या माध्यमिक शाळांना कुलूप लागलं. डिसेंबर २०२२ मध्ये कॉलेज-विद्यापीठांची दारं बंद झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये युनेस्कोनं सांगितलं, की किमान १४ लाख मुलींचं शिक्षण असं जाणूनबुजून तोडलं गेलं आहे. त्याच महिन्यात तिथं एक कायदा आला. बाईचा आवाजही परक्याच्या कानी पडू नये, तिनं चारचौघांत मोठ्यानं गाऊ नये, वाचू नये, असं त्यात म्हटलं आहे. आवाजाचीसुद्धा भीती!

अशा मुलींसाठी एक शाळा भरते. तिला भिंती नाहीत, घंटा नाही, हजेरीपटही नाही. ती भरते रेडिओवर, टीव्हीवर आणि मोबाइलवर. तिचं नाव ‘दर्स’, म्हणजे धडा. बीबीसीच्या वर्ल्ड सर्व्हिसनं एप्रिल २०२३ मध्ये हा कार्यक्रम सुरू केला. अकरा ते सोळा वर्षांच्या मुलांमुलींसाठी, दरी आणि पश्तो या तिथल्या दोन्ही भाषांत, आठवड्याला अर्ध्या तासाचा नवा भाग. त्यात गणित असतं, विज्ञान असतं, इतिहास असतं, संगणकाची ओळख असते. आणि शिकवायला कोण असतं? २०२१ मध्ये काबूलमधून बाहेर काढलेल्या बीबीसीच्याच अफगाण महिला पत्रकार. ज्या देशात बाईनं बोलू नये म्हणतात, तिथल्या घराघरांत त्याच देशातल्या बाईचा आवाज धडा शिकवतो. हे वाचलं तेव्हा मला आपली १८४८ सालची पुण्यातली भिडेवाड्याची शाळा आठवली. तेव्हा शेण अंगावर घेत शाळेत जावं लागलं. इथं तर शाळेत जायलाच बंदी, म्हणून शाळाच घरी आली.

पण मग मनात प्रश्न येतो. काबूलच्या पोरीला शिकवण्यासाठी लंडनमधली एक संस्था का धडपडते? याचे पैसे कोण देतं? आणि किती दिवस देणार? हा प्रश्न दिसतो लांबचा. पण तो आपल्या हातातल्या मोबाइलपर्यंत येऊन पोचतो. म्हणून आज त्याबद्दल लिहावंसं वाटलं.

गावचा नळ कुणाचा?

बातमी आणि माहिती देणारी माध्यमं ढोबळमानानं तीन प्रकारची. गावातल्या पाण्याचं उदाहरण घेऊ. एक असते श्रीमंताची खासगी विहीर. पाणी चांगलं असेलही, पण ते मालकाच्या मर्जीनं आणि फायद्यानं मिळणार. ही झाली खासगी वाहिन्या-वर्तमानपत्रं. दुसरी असते वाड्यावरची विहीर. पाणी मिळतं, पण वाड्याविरुद्ध बोललात की पोहरा आत टाकायची सोय नाही. ही झाली सरकारच्या तोंडची माध्यमं. तिसरा असतो सार्वजनिक नळ. सगळ्यांच्या पट्टीतून आलेला, सगळ्यांसाठी असलेला, आणि ज्याच्या चावीवर एकट्या सरपंचाचा हात नसावा अशी अपेक्षा असलेला. याला म्हणायचं लोकसेवा माध्यम. आपल्याकडे आकाशवाणी-दूरदर्शनसाठी १९९७ मध्ये प्रसारभारती स्थापन झाली, ती याच कल्पनेतून. ती कितपत उतरली हा वेगळा विषय!

असा नळ आपल्या गावापुरता न ठेवता शेजारच्या, अगदी सात समुद्रांपलीकडच्या गावांपर्यंत नेला, की ते झालं आंतरराष्ट्रीय लोकसेवा माध्यम. ब्रिटनची बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस, अमेरिकेची व्हॉइस ऑफ अमेरिका, जर्मनीची डॉयचे वेले, जपानची एनएचके वर्ल्ड ही त्यातली मोठी नावं.

यांचा जन्म काही निव्वळ परोपकारातून झाला नाही, हेही सांगायला हवं. बीबीसीची परदेशी सेवा १९३२ मध्ये सुरू झाली तीच मुळी ‘एम्पायर सर्व्हिस’ या नावानं, साम्राज्यात विखुरलेल्या इंग्रजी माणसांसाठी. १९३८ मध्ये अरबी आली. १९४० मध्ये हिंदुस्तानी आली, कारण युद्धात भारतीय माणूस आपल्या बाजूनं हवा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बीबीसीची मराठी सेवाही सुरू झाली होती, ती १९५८ मध्ये बंद पडली. व्हॉइस ऑफ अमेरिकाचा जन्म १९४२ चा, तोही युद्धातलाच. आणि आपली आकाशवाणी? तिचं परदेशासाठीचं पहिलं प्रसारण १ ऑक्टोबर १९३९ ला झालं, ते कोणत्या भाषेत ठाऊक आहे? पश्तोमध्ये! जर्मनीच्या प्रचाराला उत्तर द्यायला इंग्रज सरकारनं ते सुरू केलं होतं. म्हणजे आज ज्या भाषेत ‘दर्स’ ऐकू येतं, त्या भाषेत आपल्या दिल्लीहून १९३९ मध्येच आवाज गेला होता.

पण गंमत अशी, की हेतू काहीही असो, लोकांचा विश्वास बसायचा तर खरं बोलावं लागतं. स्वतःचा पराभवही सांगावा लागतो. तो एकदा सांगितला, की विजयाच्या बातमीवरही लोक विश्वास ठेवतात. आपल्याकडच्या जुन्या माणसांना विचारा. १९७५ च्या आणीबाणीत वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, तेव्हा रात्री आवाज बारीक करून बीबीसी लावली जायची. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिराजींच्या हत्येची बातमी आकाशवाणीनं संध्याकाळी सांगितली. बीबीसीवर ती त्याच्या कितीतरी आधी येऊन गेली होती. आमच्या आळीतले एक निवृत्त गुरुजी म्हणायचे, "बातमी खरी की खोटी ते बीबीसीवर ठरतं." आज त्यांची ती श्रद्धा भाबडी वाटते. पण एक मात्र खरं, की पडताळून बघायला तेव्हा एक दुसरी जागा होती.

मालिकेनं वाचवलेले पाय

अफगाणिस्तानात तर या रेडिओनं बातमीपलीकडचं काम केलं. १९९४ मध्ये बीबीसीनं तिथं एक श्राव्य मालिका सुरू केली. नावाचा अर्थ ‘नवं घर, नवं आयुष्य’. आपल्या आई-आजीच्या पिढीला ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावोजी आणि मीनावहिनी जसे घरचे वाटायचे, तशीच ही खेड्यातल्या माणसांची गोष्ट. पण त्या गोष्टीत हळूच सांगितलेलं असायचं, की शेतात सुरुंग पुरलेला कसा ओळखावा, बाळाला लस का द्यावी, बाळंतपणात काय जपावं, लहान मुलीचं लग्न का लावू नये. १९९६ मध्ये तालिबान पहिल्यांदा सत्तेवर आले. त्यांनी टीव्ही बंद केला, संगीत बंद केलं, मुलींच्या शाळा बंद केल्या. पण ही मालिका लोक ऐकतच राहिले. सुरुंगावर पाय पडून लंगडी झालेली मुलं ज्या देशात गावोगाव दिसतात, तिथं एखाद्या आईनं मालिका ऐकून पोराला ‘त्या रानात जाऊ नको’ म्हणून थांबवलं असेल, तर त्या रेडिओची किंमत कशात मोजणार?

आणि हे काम फक्त रेडिओचं जुनं कौतुक म्हणून सांगत नाही मी. २९ सप्टेंबर २०२५ ला तालिबाननं सबंध देशाचं इंटरनेटच तोडलं. सुमारे दोन दिवस देश जगापासून तुटला. मोबाइलवर चोरून शिकणाऱ्या मुलींचे वर्ग थांबले. अशा वेळी जुना, सेलवर चालणारा रेडिओच कामी येतो, कारण दूर देशातून येणाऱ्या लहरीला इंटरनेटसारखी सहज कात्री लावता येत नाही. युक्रेनवर रशियानं हल्ला केला तेव्हा, मार्च २०२२ मध्ये, बीबीसीनं जुनं शॉर्टवेव्ह प्रसारण पुन्हा सुरू केलं. सुदानसाठी मे २०२३ मध्ये आणि गाझासाठी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खास रेडिओ सेवा सुरू केल्या. युद्धात बाईला काय हवं असतं? पाणी कुठं मिळेल, दवाखाना कुठला उघडा आहे, कुठल्या रस्त्यानं पोरांना घेऊन निघावं. तीसुद्धा बातमीच की.

एका कागदानं बंद झालेले आवाज

इतकं सगळं असूनही ही माध्यमं आज संकटात आहेत, आणि संकट बाहेरून आहे तसं घरातूनही आहे.

बाहेरचं आपल्याला समजतं. तालिबाननं मार्च २०२२ मध्ये तिथल्या वाहिन्यांवरून बीबीसीच्या बातम्या बंद केल्या, डिसेंबरमध्ये व्हॉइस ऑफ अमेरिकाचं एफएम प्रसारण बंद केलं. रशियानं याच वर्षी बीबीसी आणि डॉयचे वेलेची संकेतस्थळं अडवली. आपल्या देशातही २०२३ च्या जानेवारीत बीबीसीच्या एका माहितीपटावरून वाद झाला, तो दाखवणाऱ्या दुव्यांवर सरकारनं बंदी घातली आणि फेब्रुवारीत बीबीसीच्या दिल्ली-मुंबईच्या कार्यालयांत आयकर खात्याची पाहणी झाली. खरं-खोटं काय ते ज्याचं त्यानं ठरवावं; पण परदेशी माध्यम आणि सरकार यांचं नातं सासू-सुनेसारखं कायम ताणलेलं असतं एवढं खरं.

घरातलं संकट जास्त बोचतं. १४ मार्च २०२५ ला अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी एका आदेशावर सही केली आणि दुसऱ्याच दिवशी व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या सुमारे १३०० कर्मचाऱ्यांना घरी बसवण्यात आलं. जवळजवळ ५० भाषांतून बोलणारी ही संस्था. आठवड्याला ३६ कोटी लोकांपर्यंत पोचतो असं ती सांगायची. १९४२ पासून चाललेला आवाज एका कागदानं जवळपास थांबला. सरकारचं म्हणणं, हा पैशाचा अपव्यय आहे आणि ही मंडळी एका बाजूची आहेत. प्रकरण कोर्टात गेलं, कोर्टानं एप्रिलमध्ये सरकारला अडवलं, तरी आवाज पूर्वीसारखा झाला नाही.

मग काय झालं बघा. १३ जूनला इस्रायलनं इराणवर हल्ला केला. आता इराणी लोकांशी त्यांच्या भाषेत बोलायचं कुणी? म्हणून घरी बसवलेल्या फारसी पत्रकारांना घाईघाईनं परत बोलावलं. आणि आठवडाभरात, २० जूनला, ६३९ जणांना काढून टाकण्याच्या नोटिसा निघाल्या. त्यात हे परत बोलावलेले फारसी पत्रकारही होते! आपल्याकडे म्हणतात ना, गरज सरो आणि वैद्य मरो. इथं तर गरज सरायचीही वाट पाहिली नाही.

याच आदेशाच्या फटक्यात आणखी एक संस्था सापडली, रेडिओ फ्री एशिया. १९९६ पासून चाललेली. चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या उइगर मुस्लिमांना छावण्यांत कोंडलं जातंय हे जगाला सुरुवातीला सांगणाऱ्यांत तिची उइगर सेवा होती. तिथं गुलचेहरा होजा नावाची एक पत्रकार काम करायची. आधी चीनमध्ये टीव्हीवर मुलांचे कार्यक्रम करणारी ही मुलगी, पुढे अमेरिकेत येऊन स्वतःच्या भाषेत बातम्या देऊ लागली. त्याची किंमत तिच्या माहेरानं मोजली. २०१७ मध्ये तिच्या भावाला पकडलं, २०१८ च्या सुरुवातीला वीसहून अधिक नातेवाइकांना ताब्यात घेतलं. तरी तिचं काम थांबलं नाही. जे चीनच्या धाकानं थांबलं नाही ते वॉशिंग्टनहून येणारा पैसा आटल्यानं थांबलं. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस रेडिओ फ्री एशियानं बातम्यांचं काम बंद केलं. आपला आवाज दाबायला शत्रूच लागतो असं नाही, हे आपल्यापैकी कितीजणींनी घरात अनुभवलं आहे!

ब्रिटनमध्ये प्रश्न पैशाचा आहे. तिथं टीव्ही बघणाऱ्या घरानं दरवर्षी लायसन्स फी भरायची असते. पूर्वी आपल्याकडे नाही का, रेडिओच्या लायसन्ससाठी पोस्टात पैसे भरावे लागत? वर्ल्ड सर्व्हिसचा खर्च आधी तिथलं परराष्ट्र खातं करायचं. २०१४ पासून तो बराचसा या लायसन्स फीवर आला, पुढे सरकारनं थोडा हातभार लावला. म्हणजे ‘दर्स’चा धडा तिथल्या एखाद्या गृहिणीच्या घरखर्चातूनही जातो. तिचं गॅसचं, विजेचं बिल वाढलं की ती विचारणारच, "काबूलच्या मुलीसाठी मी का पैसे द्यायचे?" तिचा प्रश्न चुकीचा नाही. आपणही हाच विचारला असता. पण उत्तरही आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये वर्ल्ड सर्व्हिसनं ३८२ पदं कमी करायचं ठरवलं. जानेवारी २०२३ मध्ये ८५ वर्षं चाललेला अरबी रेडिओ बंद झाला. लेबनॉनमध्ये त्याची जी जागा रिकामी झाली, तिथं रशियाचा सरकारी रेडिओ बोलू लागला. बीबीसीचे तेव्हाचे महासंचालक टिम डेव्ही यांनी २०२४ मध्ये सांगितलं, की रशिया आणि चीन मिळून अशा प्रसारणावर ६ ते ८ अब्ज पौंड खर्च करतात असा अंदाज आहे. आपण नळ बंद केला म्हणून लोकांची तहान थांबत नाही. ते मग मिळेल ते पाणी पितात.

ही मंडळी चुकत नाहीत असं मात्र मी म्हणणार नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये बीबीसीच्याच एका कार्यक्रमात ट्रम्प यांच्या भाषणाचे तुकडे असे जोडलेले निघाले, की अर्थच बदलला. गदारोळ झाला, आणि याच डेव्ही यांना आणि बातमी विभागाच्या प्रमुख डेबोरा टर्नेस यांना राजीनामे द्यावे लागले. चूक मोठीच होती. पण चुकल्यावर खुर्ची सोडावी लागते, हेही त्या व्यवस्थेतलंच. व्हॉट्सअॅपवर आलेल्या खोट्या व्हिडिओबद्दल कुणी राजीनामा दिल्याचं तुम्ही ऐकलंय?

आपल्या ओट्यावर

आता म्हणाल, हे सगळं लंडन-काबूलचं. आमच्या तालुक्याच्या गावाला काय त्याचं?

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजारात आलेली डवरी गोसावी समाजाची पाच माणसं. मुलं पळवणारी टोळी आलीय, असे निरोप त्या भागात मोबाइलवर फिरत होते. जमावानं त्या पाचही जणांना ठेचून मारलं. ती भिक्षा मागून पोट भरणारी साधी माणसं होती. त्यांच्याही घरी बायका होत्या, पोरं होती. आणि ज्यांनी मारलं त्यांच्या घरीही. एका खोट्या निरोपानं किती संसार मोडले! निरोप पुढे पाठवणाऱ्यांत आईच्या काळजीनं पाठवणाऱ्या बायकाही असतील. ‘खरं असो-नसो, सावध राहिलेलं बरं’ असं म्हणून आपणच नाही का पाठवत?

मागच्या महिन्यात आमच्या बचतगटाच्या बैठकीत असाच एक निरोप आला. हप्ते गोळा करायचे राहिले बाजूला आणि सगळ्या त्या व्हिडिओभोवती. "खरं का गं हे?" एकीनं विचारलं. "ग्रुपवर आलंय म्हणजे असेलच," दुसरी म्हणाली. तेव्हा गटातल्या सगळ्यात वयस्कर मावशींनी विचारलं, "पण सांगितलं कुणी? नाव काय त्याचं?" आणि कुणालाच सांगता येईना. मावशी चौथी शिकलेल्या. पण पत्रकारितेचा पहिला धडा त्यांना पाठ होता.

लोकसेवा माध्यमाचं मोल हेच, की त्याला नाव असतं, पत्ता असतो, आणि चुकलं तर कान धरता येतो. आज ते मराठीतही आहे. २ ऑक्टोबर २०१७ ला बीबीसी मराठी पुन्हा सुरू झाली, या वेळी मोबाइलवर. परदेशी गुंतवणुकीवरच्या आपल्या नियमांमुळे २०२४ पासून ते काम एक भारतीय कंपनी करते. उलट बीबीसी हिंदीचा शॉर्टवेव्ह रेडिओ जानेवारी २०२० अखेर बंद झाला, आणि ज्या घरात स्मार्टफोन नाही किंवा आहे पण तो नवऱ्याच्या खिशात असतो, त्या घरातल्या बाईचं एक दार मिटलं. आपली आकाशवाणी तेवढी अजून आहे. सकाळच्या प्रादेशिक बातम्या भाकऱ्या थापता थापता ऐकता येतात. त्याला रिचार्ज लागत नाही.

मी आमच्या गटात तीन गोष्टी ठरवून घेतल्या. निरोप आला की मावशींचा प्रश्न विचारायचा, सांगितलं कुणी? दुसरं, तीच गोष्ट नाव-पत्ता असलेल्या आणखी एका ठिकाणी सापडते का बघायचं. नाही सापडली तर बोट आवरायचं. आणि तिसरं, घरात सेलवर चालणारा एक रेडिओ असू द्यायचा. पुरात, वादळात लाइट आणि नेटवर्क गेलं की त्याची आठवण येते, आणि तेव्हा तो बाजारातून आणता येत नाही.

आणखी एक, शेवटचं. या आठवड्यात मुलीच्या वह्यांना कव्हरं घालताना तिला ‘दर्स’बद्दल सांगा. तिच्याच वयाची एक मुलगी दार लावून, आवाज बारीक करून गणित शिकते आहे, हे तिला कळू द्या. माझ्या मुलीला मी सांगितलं तेव्हा ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आई, पण तिला शंका आली तर ती विचारते कुणाला?"

मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला आलं तर बघा.